डाव्या बाजूचे नारिंगी ठिपके

गाडीला अंगरखा घालणारं आमच्या गल्लीत एकच घर होतं, आमचं. आबा, म्हणजे बाबांचे वडील, नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी नागपूरहून नॉटिंगहॅमला आले तेव्हा त्यांच्या बॅगेतली अर्धी जागा त्या खाकी कापडानं अडवली होती. मुलानं परदेशात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली, तीही पांढरी, म्हटल्यावर आबांनी इतवारीतल्या एका शिंप्याला माप देऊन ते झाकण शिवून घेतलं होतं. खाली नाडी, मागे नंबरप्लेटसाठी चौकोनी खिडकी. बाबांना ते मनातून आवडलं नव्हतं, पण वडिलांना नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. ते ऑफिसातून येईपर्यंत अंधार झालेला असायचा. ओल्या, मिठानं पांढुरक्या झालेल्या गाडीवर ते झाकण चढवायचे आणि सकाळी अंधारातच उतरवायचे. समोरचे म्हातारे केन कुत्र्याला फिरवताना थांबून न चुकता विचारायचे, गाडीला सर्दी झालीय का. त्यातून बाबांचा नियम असा की हिवाळ्यात गाडी धुवायची नाही, कारण बर्फ वितळावा म्हणून कौन्सिल रस्त्यावर मीठ टाकतच राहणार, मग आज धुऊन उद्या उपयोग काय. ह्या दोन गोष्टींमुळे त्या हिवाळ्यात गाडीचा रंग उजेडात कोणी पाहिलाच नाही. त्याचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला.

घर म्हणाल तर चार माणसांना पुरेल एवढं, पण आबांच्या आवाजाला पुरत नसे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काढल्यानं त्यांना हळू बोलणं माहीतच नव्हतं. दोन स्वेटर, वर कानटोपी अशा अवतारात ते दिवाणखान्यात रेडिएटरला पाठ लावून बसत आणि तिथूनच स्वयंपाकघरातल्या आईशी गप्पा मारत. आई हॉस्पिटलात सिस्टर होती, तिची पाळी बदलत राहायची, तरी रविवारचा स्वयंपाक ती कोणाला करू देत नसे. पाटोडीच्या रश्श्याला फोडणी बसली की वरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागायचा, मी स्टुलावर चढून त्याला टॉवेलनं वारा घालायची आणि आबा खालून ओरडायचे, "ह्या देशात जेवणाले पण भोंगा हाय का?" दिवाणखान्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला फोटो. कुठलीही चांगली बातमी आधी तिथं सांगायची, मग इतरांना.

फेब्रुवारीत एक बातमी तिथं सांगून झाली होती. मला मेडिकलची ऑफर आली होती. परीक्षेत मार्क मिळाले तर, अशा अटीवरची, पण आमच्या घरात ती अट कोणी मनावर घेतली नाही. बाबांनी विहारात रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. आई त्या दिवशी दोन पातेली खीर घेऊन गेली होती. आबा बोलायला उठले ते सरळ माझ्याकडेच आले. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तो हात मला इतका जड झाला होता की मान खाली घालून मी चपला मोजत बसले.

कारण तोवर मी चार महिने खोटं बोलत होते. मेडिकलच्या अर्जासाठी मी आदल्या उन्हाळ्यात एका केअर होममध्ये शनिवारी जायला लागले होते, म्हाताऱ्यांना चहा द्यायचा, त्यांच्याशी बोलायचं. ते खरं होतं. ऑक्टोबरात अर्ज गेला. त्याच सुमाराला शाळेनं आम्हाला डर्बीच्या अलीकडे रेल्वेचे डबे दुरुस्त करतात त्या कारखान्यात एक दिवस नेलं, आणि तिथं मी एका बाईला आगगाडीचं चाक कातताना पाहिलं. चाकाची झिजलेली कड कातून पुन्हा गोल करायची. तासलेलं लोखंड निळसर होऊन गुंडाळत खाली पडत होतं आणि ती यंत्राकडे न बघता, मान जरा कलती करून, आवाज ऐकत होती. एवढंच. त्यानंतर मला काही दिवस दुसरं काही सुचलंच नाही. कारखान्यात शनिवारी मुलांसाठी शिकवणी होती, नोव्हेंबर ते मार्च. मी केअर होमला येत नाही म्हणून कळवलं, घरी काहीच कळवलं नाही, आणि नुकतंच लायसन्स मिळालं होतं तर बाबांची गाडी घेऊन दर शनिवारी तिथं जायला लागले. परत येताना मला सडकून भूक लागलेली असायची. आई म्हणायची, म्हाताऱ्यांची सेवा करून पोरगी दमते.

मार्चमध्ये कारखान्याचं पत्र आलं. सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून घ्यायला ते तयार होते. मी अठराची व्हायला चार महिने कमी होते म्हणून खाली आई किंवा वडिलांची सही हवी होती आणि कागद सोमवारी पोचायला हवा होता. अकरा दिवस तो माझ्या बायोलॉजीच्या फाइलमध्ये पडून होता. मी रोज ठरवायची आणि रोज आबा काहीतरी बोलायचे, आमची डॉक्टरीण जेवली का, आमच्या डॉक्टरणीला थंडी वाजते का, आणि मी फाइल तशीच मिटून ठेवायची. सही नाही तर जागा दुसऱ्याला जाणार हे पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. तर असा तो सोमवारच्या आधीचा रविवार.

कोरडा, उन्हाचा दिवस होता. बाबांनी जाहीर केलं की हिवाळा संपला, आता गाडी धुवायची. झाकण काढलं, बादल्या भरल्या, मी पाइप धरला. वरचा राप वाहून गेला आणि बाबा हातातला स्पंज तसाच धरून उभे राहिले. पांढऱ्या रंगावर बारीक बारीक नारिंगी ठिपके उठले होते. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण शेकड्यांनी. बाबांनी नखानं एक खरवडून पाहिला, तो गेला नाही. त्यांचा चेहरा उतरला. "दीड वर्षही नाही झालं अजून," ते म्हणाले. "रस्ट? नव्या गाडीला? उद्या पहिलं काम, डीलरकडे नेतो. पेंटमध्येच फॉल्ट आहे."

मला ते ठिपके बघताच कळलं. कारखान्यात गाडी लावायची जागा चाकांच्या शेडला लागून होती. भिंतीतल्या पंख्यांमधून आतली कणी बाहेर यायची आणि आमच्या हातांवर, दप्तरांवर बसायची. गाडीवरही बसत असणार, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लोखंडाचा कण रंगात रुततो, त्यावर मिठाचं पाणी, त्यावर रात्रभर इतवारीचं ओलं कापड. गंजायला आणखी काय लागतं. आज मला हे कोणी विचारलं तर मी दहा मिनिटं बोलेन. त्या दिवशी मी पाइपाचं तोंड फिरवून पाणी बारीक केलं.

बाबांना दम धरवेना. ते आत गेले आणि चिंचेचा कोळ, मीठ आणि तारेची घासणी घेऊन आले. तांब्याचा गडू ज्यानं लखलखतो त्यानं बॉनेट का नाही, असा त्यांचा हिशोब. संगणकावर अख्ख्या विमा कंपनीचा कारभार सांभाळणारा माणूस, पण डाग दिसला की त्याचाही हात चिंचेकडेच जातो, आमच्याकडे सगळ्यांचाच जातो. त्यांनी बॉनेटवर चार-पाच वेळा जोरात घासणी फिरवली. तेवढ्यात दारात खुर्ची टाकून बसलेले आबा गरजले, "थांब. हात उचल आधी." बाबांनी हात उचलला. तळहाताएवढ्या जागेतली चकाकी गेली होती आणि ठिपके जिथल्या तिथं होते.

आरडाओरडा ऐकून केन रस्ता ओलांडून आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले की ही गाडी गंजलेली नाही, हे वरून येऊन बसलेलं लोखंड आहे, बहुतेक ब्रेकची धूळ, हिवाळ्यात असं होतं. घरी जाऊन ते रंग साफ करायची चिकणमाती घेऊन आले, मळलेल्या कणकेसारखी मऊ, निळी वडी. साबणाचं पाणी भरपूर शिंपडायचं, वडी चपटी करून दाब न देता नुसती सरकवायची, ती कण ओढून घेते. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्यायची, आणि जमिनीवर पडली तर फेकून द्यायची, कारण खडा चिकटला तर तो ओरखडे काढतो. शिवाय त्यांनी एक युक्ती दाखवली. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवली की डोळ्यांना न दिसणारी कणीसुद्धा खरखर लागते. आताशा एक फवारा मिळतो, तो मारला की लोखंड जांभळं होऊन आपोआप ओघळतं. पण मला अजूनही वडीच बरी वाटते, हाताला कळतं तरी काय चाललंय ते. ब्रेकची धूळ ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडला. केनचे चारदा आभार मानून ते त्यांच्याबरोबर त्यांच्या घरामागच्या शेडमधलं सामान बघायला गेले, आणि माझाही जीव भांड्यात पडणार इतक्यात आबा खुर्चीतून उठले.

त्यांनी ती पिशवी हाताला चढवली आणि गाडीभोवती एक फेरी घातली. मग दुसरी. उजव्या बाजूला त्यांचा हात सरसर गेला. डाव्या बाजूला मागच्या दारापाशी आला आणि थांबला. पिशवीखालून कागद फाटल्यासारखा आवाज येत होता.

"काऊन गं मितू," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "शनिवारी गाडी कुठी लावते तू?"

"केअर होमच्या कार पार्कमध्ये, आबा. ते रोड सॉल्ट आहे. विंटरमध्ये सगळ्यांच्या गाड्यांना होतं."

"मीठ दोन्ही बाजूनं उडते. हे एकाच बाजूनं आलं हाय. अन् ब्रेकची धूळ असती तर चाकाजवळ असती, छतावर काहाले चढली असती?" त्यांनी पिशवी काढली आणि बोटाचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं. "छत्तीस वर्षं माह्या बनियनवर हेच होतं. धुतलं की वर यायचं. तुह्या आजीनं लिंबू घासलं, रिठे घासले, ऊन दाखवलं, नाही गेलं. लग्नाकार्यात मी सदऱ्याची वरची गुंडी लावून बसायचो, कोणाले आतली बनियन दिसू नये म्हणून. मले हे वळखू येणार नाही होय?"

मी वडी हातात धरून उभी होते. पाणी कोपरापर्यंत ओघळून स्वेटरात जात होतं. मग मी सगळं सांगितलं, शेड, चाक, शनिवार, पत्र, सोमवार. त्यांच्याकडे न बघता, दाराच्या कडीकडे बघत. सांगून झाल्यावर मी वाट पाहिली की ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माह्या बापाले वर्कशॉपात कोळसा उचलायले घेतलं," ते म्हणाले, "कारण दुसरीकडं कोणी आत घेत नव्हतं. मी त्याच्या जागेवर लागलो. तुह्या बापाले मी त्या गेटाच्या आत पाय ठेवू दिला नाही. डबा द्यायलेसुद्धा नाही. अन् तू," त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. मग म्हणाले, "मी नाही सांगणार त्याले. तू सांगायचं. हे डाग निघायच्या आत सांगायचं. डाग गेल्यावर सांगशील तर ती चोरीच झाली."

ते आत गेले. मी कामाला लागले. इतकं सावकाश काम मी आयुष्यात कधी केलं नसेल. आधी उजवी बाजू घेतली, जिथं काही नव्हतंच. मग बॉनेट, मग छत. वडी सरकवली की आधी खरखर, मग जरा कमी, मग अचानक हात काचेवरून गेल्यासारखा मोकळा सुटायचा आणि ठिपका गेलेला असायचा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला त्यात मजा आली असती. त्या दिवशी प्रत्येक ठिपका निघाला की आबांनी दिलेली मुदत तेवढी कमी होत होती. मध्ये बाबा आले, पुढचं डावं दार बघून खूश झाले, म्हणाले, "वा. डीलरला फोन करायची गरजच नाही." मी तोंड उघडलं आणि ते आईला सांगायला आत निघूनही गेले. मागचं डावं दार उरलं. मग अर्धं. हातातली वडी तांबूस झाली होती आणि घडी घालायला स्वच्छ बाजू राहिली नव्हती. शेवटी हाताच्या पंजाएवढी जागा उरली, नऊ ठिपके, मी मोजले. ते तसेच ठेवून मी हात पुसले आणि वर जाऊन फाइलमधून कागद काढला.

सगळे स्वयंपाकघरातच होते. ताटं वाढलेली होती. मी कागद बाबांच्या ताटाशेजारी ठेवला आणि उभ्यानंच बोलले. आईनं आधी गॅस बंद केला. मग ती म्हणाली, "मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलंय, मितू. पेशंटनासुद्धा सांगितलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पिठाच्या हातानं पुसलं. बाबांनी कागद दोनदा वाचला. त्यांचे कान लाल झाले होते. "नोव्हेंबरपासून," ते म्हणाले. "दर शनिवारी मी तुला विचारत होतो, कसा गेला दिवस. आणि तू मला तोंडावर म्हाताऱ्यांची नावं सांगत होतीस." मी हो म्हणाले. सॉरी म्हणाले असते, पण आमच्याकडे तो शब्द दार आपटल्यासारख्या बारीक चुकीला म्हणायचा असतो.

"सही करू नको," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज नेहमीचा होता, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. "मी हात जोडतो तुले. पोरीची जात, लोखंडात चालली. काहाले शिकवलं मग आपण?"

बाबांनी कागद उचलून ताटापासून लांब ठेवला. रश्श्यावर तेलाचा जाड तवंग साचला होता. मला वाटलं संपलं, आणि खरं सांगते, वाटून थोडं हलकंही वाटलं, की आता आपल्या हातात काही नाही.

"आबा," बाबा म्हणाले, "तुम्ही मला इंजिनिअरिंगला घातलंत तेव्हा मी काही बोललो नाही. चांगलंच झालं माझं, तक्रार नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं आणि मी बोललोही नव्हतो. तुम्हालाही कोणी विचारलं नव्हतं. हिला नको म्हणायला मेडिकलचं दार तरी उघडं आहे, त्याची ऑफर घरात पडलीय. तरी ही दुसरीकडे चाललीय. आपल्या घरात हे पहिल्यांदा होतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं बोललीस त्याचं मी वेगळं बघणार आहे. ते संपलं असं समजू नकोस." त्यांनी आईपुढे हात केला. आईनं खुंटीवरच्या युनिफॉर्मच्या खिशातलं पेन काढून दिलं. वडिलांच्या शब्दाबाहेर जाताना बाबांना मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि ती सही त्यांच्या सहीसारखी आलीच नाही.

आबांनी ताट सरकवलं आणि उठले. दारापर्यंत गेले, तिथं चौकटीला धरून पाठमोरे उभे राहिले.

"डोळ्याले चष्मा देतात का तिथं?" त्यांनी विचारलं.

"देतात, आबा. बंधनच आहे."

"माह्या डाव्या डोळ्यात दोनदा कण गेला. दुसऱ्यांदा डॉक्टरनं सुईनं काढला."

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "आबा, हे कधी? आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"तुह्या दहावीची परीक्षा होती," आबा म्हणाले. "सांगितलं असतं तर तू पेपर सोडून माह्याजवळ बसला असता." मग वळले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "चष्मा लावत जा पोरी. गरम होते, घाम येते, काचा धुकटतात, तरी काढू नको. कोणी हसलं तरी काढू नको."

मी हो म्हणाले. ते आत गेले आणि त्यांच्या खोलीचं दार लागलं. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं.